सीट तेवढी माझ्याकडे

२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ६.४०
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद राहायला हवी, आणि आमच्या शेडमध्ये नोंद ठेवण्याच्या लायकीचा माणूस मी एकटाच आहे.

थोडक्यात पार्श्वभूमी. बंद पडलेल्या बस डेपोच्या शेडमध्ये आम्ही आठ निवृत्त लोक शंभर वर्षांपूर्वीचं एक विमान बांधतोय. हुबेहूब तसंच. उडणार नाही, संग्रहालयात उभं राहणार. पंख झाले, शेपूट झाली, चाकं झाली. ह्या सगळ्यात माझा वाटा मार्गदर्शनाचा. काल चीफनी राहिलेल्या कामांची यादी वाचली. (चीफ चाळीस वर्षं विमान-दुरुस्तीच्या कारखान्यात होते. ते त्यांच्या बोलण्यात जरा जास्तच येतं.) यादीत एकच काम होतं. वैमानिकाची सीट, प्लायवूड वाकवून. मी हात वर केला. शेडमध्ये एकदम शांतता पसरली. आदराची.

मेहुण्याने विचारलं, भाऊजी, नक्की ना? मेहुणा म्हणजे हिचा धाकटा भाऊ. त्याने पंखांच्या बासष्ट फासळ्या केल्या, तेव्हापासून त्याला वाटतं की झाडं त्याला विचारून वाढतात.

उद्घाटन ३० मार्चला. हातात आठ आठवडे. मला नऊ दिवस रग्गड झाले. उरलेल्या वेळात इतरांच्या चुका काढीन.

४ फेब्रुवारी
नकाशा पाहिला. खाली एक सपाट फळी, आणि तिच्या तीन बाजूंनी गोल फिरणारी पातळ प्लायवूडची पाठ. वजन कमी व्हावं म्हणून पाठीला भोकं. संपली सीट. एवढ्यासाठी लोक इंजिनियर होतात.

कोपऱ्यात बारीक अक्षरांत सूचना : लिहिलेली मापे धरावीत, कागदावर पट्टी लावून मोजू नये. हसू आलं. मी एकतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. बाजारात शिरलो की दुकानदारांचे चेहरे पडायचे. आता मला पट्टी लावायला बंदी! लिहिलेले आकडे पुसट होते, शिवाय चष्मा घरी. झेरॉक्स काढून आणली, पट्टी लावली, नकाशा पाचपट लहान म्हणून पाचने गुणलं. दहा मिनिटांत सगळी मापं तयार.

सीट जरा अरुंद वाटते. पण त्या काळी माणसंच बारीक असत.

५ फेब्रुवारी
प्लायवूड आणलं. दुकानदाराने विचारलं, कशासाठी हवंय. विमानासाठी, म्हटलं. तो म्हणाला, आमच्याकडे कपाटाचं आहे. कपाटाचं घेतलं. चांगलं बोटभर जाड. शिवाय पाण्यात वगैरे जाणार आहे का, असंही त्याने विचारलं. मी म्हटलं, विमान पाण्यात गेलं तर आपल्या दोघांचंही चुकलं. दुकानातली सगळी हसली. विनोदबुद्धी शाबूत आहे.

७ फेब्रुवारी. दुपार
प्लायची पट्टी गुडघ्यावर वाकवून पाहिली. वाकत नाही. दोन स्टुलांवर आडवी ठेवून मध्ये बसलो. वाकत नाही. उठून जरा जोरात बसलो. मोडली.
निष्कर्ष : माल निकृष्ट. कंबरेला मलम.

८ फेब्रुवारी
ही म्हणते, डॉक्टरला दाखवा. मेहुणा म्हणतो, जाड प्लाय वाकत नसतं. पातळ पातळ पट्ट्या गरम पाण्यात भिजवून वाकवायच्या, आणि मग एकावर एक चार चिकटवायच्या. हे मला माहीतच होतं. जाडीचा प्रयोग मी मुद्दाम आधी उरकून घेतला.

११ फेब्रुवारी
त्याच दुकानातून पातळ प्लाय. बाथरूमच्या टबात कडकडीत पाणी भरून पट्ट्या बुडवल्या. मेहुणा अर्धा तास म्हणाला होता. अर्ध्या तासात चहा नीट मुरत नाही. मी रात्रभर ठेवल्या.

१२ फेब्रुवारी. सकाळी ७
ही अंघोळीला गेली आणि तशीच परत आली. टबातलं पाणी काळंकुट्ट. पट्ट्या सुटून एकेका पट्टीच्या तीन-तीन झाल्यात, वरती तरंगताहेत. डिंक पाण्यात विरघळला. पाण्यात टिकणारं प्लाय वेगळं मिळतं म्हणे. मग दुकानदाराने तसं विचारायला नको?
संकल्प : दुकान बदलणे.
ही शेजारणीकडे अंघोळीला गेली. टब घासायचं काम माझ्याकडे आलंय. तात्पुरतं.

१५ फेब्रुवारी
मूळ नकाशात एक गंभीर त्रुटी सापडली. बसायची फळी सपाट आहे. मी ती वाटीसारखी खोलगट करायचं ठरवलंय. शंभर वर्षांत हे कोणाला सुचलं नाही.

ही शिवणकाम करते. बाहेरच्या खोलीत मशीन आहे, सव्वीस वर्षं लोकांचे कपडे शिवतेय. मशीनवरून मान वर न करता म्हणाली, कागद घ्या आणि वाटीवर बसवून बघा, चुण्या पडतील. कापड झोळ घेतं तरी त्याला चुण्या घालाव्या लागतात, लाकडाला कुठून घालणार? एका बाजूनेच वाकेल ते. मी समजावलं की विमान आणि फ्रॉक ह्यांत फरक असतो. ती म्हणाली, असतो ना, फ्रॉक दिलेल्या तारखेला द्यावा लागतो.

कागद घेऊन पाहिला, ती स्वयंपाकघरात गेल्यावर. फळी सपाटच ठेवतोय. मूळ रचनेचा मान राखला पाहिजे.

१९ फेब्रुवारी
चीफनी स्वतःच्या कपाटातून खरं विमानाचं प्लाय काढून दिलं. पोस्टकार्डाहून थोडं जाड, पिवळसर, हात लावला तर गार लागतं. नोकरी सुटली त्या दिवशी त्यांना कारखान्यातून भेट मिळालं होतं, कापडात गुंडाळून ठेवलं होतं. बारा पट्ट्या निघतील. एका सीटला चार. ते म्हणाले, आता हे कुठे मिळत नाही, जपून. मी म्हटलं, आठ परत आणून देतो. ते काही बोलले नाहीत. भरून आलं असावं.

२२ फेब्रुवारी. संध्याकाळी ५
आज निर्णायक दिवस. साचा हवा होता. लोक साचे बनवत बसतात, मी डोळे उघडे ठेवले. आमच्या जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्यांना सुंदर गोल पाठ आहे. चार पट्ट्या भिजवून एकीच्या पाठीवर वाकवल्या, वाळल्यावर प्रत्येकीला गोंद लावला आणि खुर्चीच्या पाठीला दोरी, दोन पट्टे, एक जुना टाय असं सगळं आवळून बांधलं. गोंद एकदम नामी आहे. डब्यावर लिहिलंय, जन्मभर सुटत नाही.

२३ फेब्रुवारी
सुटत नाही.
पट्टी आणि खुर्ची ह्यांच्यामध्ये प्लास्टिकचा कागद घालायचा असतो, असं मेहुण्याने फोनवर सांगितलं. हसत नव्हता. फोन लांब धरला असावा.

२४ फेब्रुवारी
करवतीने सोडवायचा प्रयत्न. खुर्ची गेली. पट्ट्याही गेल्या. टायही. ही म्हणाली, आता आपल्याकडे तीन खुर्च्या आणि अर्धं विमान आहे. मी म्हटलं, घरात माणसं दोनच. ह्यावर तिने जे पाहिलं माझ्याकडे, ते इथे लिहीत नाही.

१ मार्च
जमलं! पाण्याच्या पिंपावर प्लास्टिक गुंडाळलं, चार पट्ट्या, गोंद, दोऱ्या. तीन दिवस हात लावला नाही. आज सोडलं तर पाठ उभी राहिली. किंचित उघडली, पण लाकडालाही थोडं मोकळं वाटलं पाहिजे. खाली फळी बसवली, पॉलिश केलं. हिला दाखवली. ती म्हणाली, छान आहे, कोणाच्या नातवाला? तिची नजर शिवणकामाने अधू झालीय.

३ मार्च. रात्री ८
सविस्तर लिहायला हवं.
सीट चादरीत गुंडाळून शेडमध्ये नेली. आधी चार शब्द बोललो. जिद्द, अचूकता वगैरे. मग चादर काढली. टाळ्या झाल्या, खरंच झाल्या. मेहुण्यानेही वाजवल्या. विमानाच्या सांगाड्यात ठेवली तर दोन्ही बाजूंना हात जाईल एवढी फट. मी म्हटलं, हवा खेळती राहील. चीफ म्हणाले, बसून बघतो. ते सडपातळ आहेत. तरी जरा दाबून बसावं लागलं. बसले, इकडेतिकडे पाहिलं, आणि उठले. सीटही उठली. त्यांच्याबरोबर. दोघांनी त्यांचे हात धरले, मेहुण्याने सीट धरली, तेव्हा कुठे चीफ सुटले.

मी म्हटलं, त्या काळी माणसं बारीक असत. चीफनी माझ्या हातातून झेरॉक्स घेतली आणि मूळ नकाशावर ठेवली. झेरॉक्सवाल्याने कागदावर मावावा म्हणून नकाशा लहान करून छापला होता. मला न विचारता.

चीफनी शांतपणे विचारलं, एकतीस वर्षांत किती जणांचे काटे जप्त केलेत तुम्ही? कोणीही हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मग ते म्हणाले, सीट आता मेहुण्याकडे द्या, तुम्ही नुसतं बघा. म्हणजे देखरेख. बढतीच म्हणायची.

४ मार्च
सर्दी. शेडमध्ये गेलो नाही.

५ मार्च
सर्दी.

८ मार्च
सर्दी चालू आहे. ही म्हणते, नाक तर कोरडं आहे. आतली सर्दी आहे, म्हटलं.
संकल्प : बागकाम. (कुंड्या : एक. झाड : वाळलेलं.)

११ मार्च
मेहुणा घरी येऊन गेला. त्याच्याकडून कळलं की काल ही शेडमध्ये गेली होती. सांगून गेली होती की दोरा आणायला जातेय. तिने चीफना म्हटलं म्हणे, की सीट ह्यांच्याकडेच राहू द्या. मापं मी घेते, हात ह्यांचे. चीफ म्हणाले, बाई, चारच पट्ट्या उरल्यात. ही म्हणाली, एका गिऱ्हाइकाला मी एकदाच कापड कापते.

मला हे अजिबात पटलेलं नाही. माझ्या वतीने कोणी रदबदली करावी, एवढा काही मी पडलेला माणूस नाही. संध्याकाळी तिला तसं स्पष्ट सांगणार होतो. पण ती कामात होती.
सर्दी उतरली.

१३ मार्च
हिची पद्धत पाहून धक्का बसला. पट्टी नाही, टेप नाही. खाकी कागद घेतला, थेट विमानाच्या सांगाड्यात धरला, टाचण्या लावल्या, नखाने घडी मोडली, कात्री चालवली. चीफ टाचण्यांची डबी धरून उभे होते. माझ्यासाठी त्यांनी कधी काही धरलं नाही. मग तिने चीफना बसवलं आणि कागद त्यांच्या पाठीभोवती फिरवला. म्हणाली, इथे दोन बोटं सैल हवं, माणूस श्वास घेतो.
एकतीस वर्षांच्या नोकरीत ‘दोन बोटं’ हे माप मी कोणाला चालवून घेतलं नसतं.

१६ मार्च
साचा तयार. लाकडी ठोकळ्यांचा, कागदाबरहुकूम, पण गोलाई थोडी जास्त घट्ट. ती हिने घ्यायला लावली. कापड आटतं म्हणून आपण वाढवून घेतो, हे उघडतं म्हणून कमी करून घ्या, म्हणाली. ठोकळे मेहुण्याने कापले, घासले मी. घासण्यावरच सगळं अवलंबून असतं.

२० मार्च. दुपारी ३
मेहुण्याने पट्ट्या आदल्या दिवशी तपासल्या. लाकडाचे धागे कुठल्या दिशेला आहेत ते पाहून पेन्सिलने बाण काढले. उलट धरली तर तुटते म्हणे. मला हे आधी कोणी सांगितलं नव्हतं. (सांगितलं होतं, ९ फेब्रुवारीला, फोनवर. मी तेव्हा कामात होतो.)

पट्टी साच्यावर धरायची, वर ओला फडका, त्यावर हिची वाफेची इस्त्री. लाकूड मऊ होत जातं तसतसं दोन्ही टोकं हळूहळू खाली ओढायची. टोकं माझ्याकडे. तीन पट्ट्या झाल्या, लोण्यासारख्या. चौथी, म्हणजे शेवटची, निम्मी वाकली आणि बारीक ‘कर्र’ झालं. सगळे थिजले. ही इस्त्री तशीच धरून म्हणाली, सोडू नका आणि ओढूही नका. वाफ तळहातावर येत होती. मग म्हणाली, भाजतंय का, सोडा. मी सोडलं नाही. मेहुण्याला फडक्याखाली नीट दिसेना, पट्टी आवळून धरणारा शिकंजा बसेना. किती वेळ गेला कोण जाणे. चीफ समोर उभे होते, त्यांनी डोळे मिटून घेतले होते. आपण दिलेलं प्लाय तुटताना पाहायचं नसेल.

शिकंजे बसले. फडका काढला. तडा नव्हता, कडेचा एक धागा उठला होता, तेवढाच.
दोन्ही तळहातांना फोड आलेत. हिने मलम लावलं.
लिहिणार नव्हतो, पण रोजनिशी आहे : मी घाबरलो होतो. हात भाजेल म्हणून नव्हे.
थोडक्यात, काम माझ्या देखरेखीखाली पार पडलं.

२४ मार्च
गोंद. प्लास्टिक घातलं होतं. तीनदा तपासलं. ही चौथ्यांदा तपासून आली.

२६ मार्च
साच्यातून काढली. उघडली ती नेमकी दोन बोटं. कागद लावून पाहिला, तंतोतंत. भोकं पाडायचं काम मी मागून घेतलं. नकाशात तेवीस, माझी चोवीस झाली. चीफना मोजू दिली नाहीत.

२७ मार्च. संध्याकाळी ६
सीट विमानात बसली. फट नाही. चीफ चढले, बसले, हात दांड्यावर ठेवला. उठतील म्हणून आम्ही थांबलो. उठेनात. शेडच्या दारातून समोरचं मैदान दिसतं, तिकडे पाहत राहिले. मग उतरून एवढंच म्हणाले, चालेल. मेहुणा म्हणाला, चीफच्या तोंडून हा शब्द त्याने तीन वर्षांत पहिल्यांदा ऐकला. बासष्ट फासळ्यांना मिळाला नव्हता.

हिने सीटच्या कडेवरून बोट फिरवलं, शिवण तपासतात तसं. म्हणाली, चांगली झालीय.
रविवारच्या भाषणाची तयारी सुरू केलीय. मला बोलायला सांगतीलच. सीटसमोर गर्दी होणार, तेव्हा तिथे थांबून लोकांना समजावून सांगावं लागेल. सफारी इस्त्रीला दिला. विषय : जिद्द. अचूकता वगळतोय.

३० मार्च, रविवार. संध्याकाळी ७
बोलायला सांगितलं नाही. पाहुणे बोलले, संग्रहालयाच्या बाई बोलल्या, ‘सर्व ज्ञात-अज्ञात हातांचे’ आभार मानले गेले. मी कोणत्या गटात ते कळलं नाही. मग पडदा सरकला.

विमान दिव्यांखाली फार सुंदर दिसत होतं. आणि विमानात एक माणूस बसला होता. मेणाचा. संग्रहालयाच्या बाईंची ऐनवेळची कल्पना, देखावा जिवंत वाटावा म्हणून. डोक्याला चामड्याची टोपी, डोळ्यांना चष्मा, आणि अंगात पायघोळ, जाडजूड, कॉलर वर केलेला कोट. तो कोट खांद्यापासून खालपर्यंत असा पसरला होता की सीटचा नखाएवढाही भाग दिसत नव्हता. चोवीसपैकी एकही भोक नाही.

लोक म्हणत होते, वा, मिशी काय हुबेहूब केलीय.

चीफ पाहुण्यांबरोबर होते, मेहुणा पंखाशी उभा राहून कोणाला तरी फासळ्या दाखवत होता. मी आणि ही दोरीच्या कडेकडेने मागे गेलो. मागूनही कोटच. ही खाली वाकली, मग उकिडवी बसली. म्हणाली, उजवीकडे जरा कड दिसतेय. मीही बसलो. नव्हती दिसत. ती सावली होती. मग मी दोरीवरून हात घालून कोटाचं टोक थोडंसं उचललं. थोडंसंच.

रखवालदार धावत आला. पोरगेलासा होता, पण आवाज खणखणीत. मी उभा राहिलो आणि त्याला शांतपणे, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं, की ह्या माणसाखाली माझी सीट आहे.

त्याने माझ्याकडे पाहिलं, हिच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा एकदम मऊ झाला. म्हणाला, आजोबा, इथे बसता येत नाही. दमला असाल तर बाहेर बाकं ठेवलीत, आजींनाही घेऊन जा.

आम्ही बाहेर जाऊन बसलो. ही इतकी हसली की डोळे पुसायला तिला माझा रुमाल लागला. मी हसलो नाही. बाक तपासत होतो. लोखंडी, पाठ सरळसोट, मणक्याला टोचते. करणाऱ्याने स्वतः कधी बसून पाहिलेलं दिसत नाही.